एक इंग्रज शारदा

आमच्या भंडाऱ्याकडे इंग्रज तसा उशिराच आला. सीताबर्डीची लढाई १८१७ सालची. त्यानंतर नागपूरच्या गादीवर वयाने लहान राजा बसला, कारभाराच्या दोऱ्या रेसिडेंट जेंकिन्ससाहेबांच्या हाती गेल्या आणि १८२०-२१ च्या सुमारास भंडारा हे जिल्ह्याचे ठाणे झाले. पुढे १८५३ साली तिसरे रघुजीराजे वारले, राज्य खालसा झाले आणि डिप्टी कमिशनरसाहेब आले. त्यांच्यामागून त्यांच्या मडमा आल्या. धानाच्या बांध्या आणि तळी ओलांडून आलेल्या या मडमेचे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तयार असते. डोक्यावर रुंद काठाची टोपी, ओसरीवर वेताची खुर्ची, मागे पंखा ओढणारा पोरगा, पुढे हात जोडून उभा असलेला खानसामा. इंग्रज बाई म्हटली की ती अशीच, राज्यकर्त्याची बायको, असे आपण धरून चालतो.

पण त्याच्या शंभर वर्षे आधी, इंग्रजांचे राज्य नव्हते आणि होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हा, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ज्या इंग्रज बायका आल्या त्यांच्यापाशी ना बंगला होता ना खानसामा. त्यांतल्याच एकीची गोष्ट मला यंदा सांगायची आहे. या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड माहीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत एखादी बाई डोकावून नाहीशी झाली की मला चैन पडत नाही. ती आली कुठून, गेली कुठे, तिच्या पोराबाळांचे काय झाले, हे हुडकत बसायचे.

ती ओळ कान्होजी आंग्र्यांच्या चरित्रात येते. सरखेलांनी एका लढाईत इंग्रजांचे गलबत पकडले, त्यावर एक इंग्रज बाई होती, तिला कुलाब्यात ठेवले आणि तीस हजार रुपये घेऊन सोडले. संपले! वाचणारा पुढच्या लढाईकडे वळतो. आम्ही शाळेत हे वाचले तेव्हा वर्गात टाळ्याही पडल्या होत्या. तीस हजार रुपये! इंग्रजांच्या नाकावर टिच्चून! बाईचे नाव काय, हे मास्तरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तिचे नाव कॅथरिन कुक. जॉन बिडल्फ नावाच्या एका इंग्रज कर्नलने १९०७ साली मलबारच्या चाच्यांवर एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या शेवटच्या भागात या बाईची हकीकत कंपनीच्या दप्तरातून जुळवून मांडली. कर्नलसाहेबांना आपले आंग्रे म्हणजे निव्वळ चाचे वाटतात, त्यामुळे पुस्तक वाचताना अधूनमधून रक्त तापते. ते तापू देऊन वाचत राहिले पाहिजे, कारण ही बाई तिथेच सापडते.

मार्च १७०९ मध्ये ‘लॉयल ब्लिस’ नावाचे कंपनीचे जहाज इंग्लंडहून बंगालला निघाले. त्यावर कॅप्टन जेरार्ड कुक, त्यांची बायको, एक मुलगा आणि दोन मुली असे कुटुंब होते. कुक हे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पुष्कळ वर्षे तोफखान्यावर नोकरी केलेले गृहस्थ. रजा संपवून, बढती घेऊन परत चालले होते. जहाज मोठे मंद. आफ्रिकेचे टोक ओलांडायलाच ऑगस्ट उजाडला. तोवर नैर्ऋत्येचा वारा सरत आला आणि आता बंगालच्या उपसागरात शिरणे कठीण होऊन बसले. शिडाच्या जहाजाला वाऱ्यापुढे मान तुकवावीच लागते. पाणी आणि धान्य भरून घ्यावे म्हणून कप्तानाने जहाज पश्चिम किनाऱ्याकडे वळवले आणि ऑक्टोबरमध्ये ते कारवारच्या बंदरात येऊन थांबले.

वारा थोडा उशिरा फिरला असता तर या मुलीचे नाव कोणाच्याच कानावर आले नसते.

कारवारला कंपनीची वखार होती. मिरी आणि कापड यांचा व्यापार. वखारीचा मुख्य जॉन हार्वे. किनाऱ्यावरच्या अशा वखारीत गोरी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत, गोरी बाई दिसणे तर दुर्मिळच. हार्वेने कुक कुटुंबाचा मोठा पाहुणचार केला आणि थोड्याच दिवसांत थोरल्या मुलीला मागणी घातली. मुलगी दिसायला अतिशय देखणी, वय तेरा-चौदा. नवरदेव उतारवयाचा आणि अंगाने व्यंग असलेला. हे वर्णन मी माझ्या पदरचे करत नाही, त्या काळच्या इंग्रजांनीच ते लिहून ठेवले आहे. हार्वेने मुलीच्या नावे भरपूर पैसा करून द्यायचे कबूल केले. आईबापांनी होकार दिला. मुलीनेही तो दिला, ‘आईबापांचे मन राखण्यासाठी’ अशा अर्थाची नोंद आहे. लग्न लागले, जहाजात पाणी भरून झाले आणि महिना संपायच्या आत कुक मंडळी उरलेल्या मुलांना घेऊन बंगालकडे निघून गेली.

हे वाचताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील? देवलांची ‘शारदा’! १८९९ साली ते नाटक रंगभूमीवर आले आणि म्हाताऱ्याशी कुमारिकेचे लग्न लावणाऱ्या आपल्या समाजाने ते रडत रडत पाहिले. इथे भुजंगनाथ म्हणजे हार्वेसाहेब, कांचनभट म्हणजे कॅप्टन कुक. भद्रेश्वर दीक्षिताचे काम बहुधा ‘लॉयल ब्लिस’ला अडवणाऱ्या वाऱ्याने केले. नाटकात वधूवर सगोत्र असल्याचे ऐन वेळी निघते आणि शारदा सुटते. इंग्रजांना गोत्र नसते. जरठ-कुमारी विवाह हा आपल्याच धर्माचा डाग आणि विलायतेत सगळ्या मुली आपखुशीने लग्न करत होत्या, असे समजणाऱ्यांनी कारवारच्या बंदरावरचा तो ऑक्टोबर महिना आठवावा. कांचनभटाने पैशासाठी मुलगी दिली म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. कॅप्टन कुकला मात्र एकाही इंग्रज ग्रंथकाराने कांचनभट म्हटलेले नाही.

आता थोडे कंपनीच्या पगाराविषयी सांगते. ते रुक्ष आहे, पण त्यावाचून या बाईचे दुर्दैव समजणार नाही. कंपनीच्या कारकुनाला त्या काळी वर्षाला पाच पौंड पगार असे, त्याच्या वरच्या फॅक्टरला पंधरा. वखारप्रमुख झाला तरी पगार तुटपुंजाच. मग ही माणसे जगत कशावर? तर खाजगी व्यापारावर. कंपनीचा माल आणि आपला माल, कंपनीचे पैसे आणि आपले पैसे एकाच वखारीत, पुष्कळदा एकाच वहीत. माणूस जिवंत असेपर्यंत हे खपून जाई. तो मेला की कंपनी पहिल्या झटक्यात त्याच्या सगळ्या चीजवस्तूवर हात ठेवी आणि म्हणे, आधी आमचे काय ते वेगळे काढू, मग वारसाचे पाहू. हे वेगळे काढणे वर्षानुवर्षे चाले. विधवेने तोवर काय खायचे, याला त्या हिशेबात रकाना नव्हता.

आणि हार्वे मेला. हिशेब मिटवून विलायतेला परत जावे असा त्याचा बेत होता. त्यासाठी तो मुंबईच्या खेपाही घालू लागला होता, पण हिशेब मिटायच्या आत तोच मिटला. सोळा-सतरा वर्षांची कॅथरिन विधवा झाली. आईबाप दूर बंगालात. काही आठवड्यांतच तिने कारवारच्या वखारीतल्या थॉमस चाऊन नावाच्या तरुणाशी लग्न केले. या वेळी तिचे मन राखायला कोणी आईबाप जवळ नव्हते, म्हणून हे लग्न तिचे स्वतःचे होते असे मी मानते. हार्वेची मालमत्ता कंपनीने अडकवून ठेवली होती. ती मागायची तर मुंबईला गेले पाहिजे. म्हणून नोव्हेंबर १७१२ मध्ये हे जोडपे ‘ॲन’ नावाच्या लहान गलबतावर चढले. तिला दिवस गेले होते. सोबत संरक्षणाला मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांची स्वतःची सशस्त्र नौका होती.

वाटेत आंग्र्यांच्या गुराबांनी त्यांना गाठले. लढाई चांगलीच जुंपली. गव्हर्नरच्या नौकेची डोलकाठी मोडून पडली, दारूगोळा संपला. ‘ॲन’ परत कारवारकडे पळू लागली, तिलाही धरले. तोफेच्या गोळ्याने थॉमस चाऊनचा हात तुटला आणि रक्त वाहून तो बायकोच्या मांडीवर मेला. दुसरे लग्न काही महिन्यांचेच ठरले.

इथे मला थांबून कान्होजींची बाजू सांगितली पाहिजे, कारण कर्नलसाहेब ती सांगत नाहीत. कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल. किनाऱ्यालगतच्या समुद्रात कोणी व्यापार करायचा तर आमचे दस्तक घ्यावे, जकात भरावी, हा त्यांचा हक्क होता. मुंबईत बसलेली कंपनी तो मानायला तयार नव्हती. उलट देशी व्यापाऱ्यांच्या मालालाही ती आपल्या निशाणाखाली पांघरूण घालत होती. म्हणजे जकात बुडवणारा एक आणि ती वसूल करणारा दुसरा असा हा तंटा. वसूल करणाऱ्याला बुडवणाऱ्याने चाचा म्हणायचे आणि आपण ते इंग्रजी पुस्तकातून पाठ करायचे, हे फार दिवस झाले. ‘ॲन’ आणि गव्हर्नरची नौका हे उघड उघड शत्रूचे तांडे होते. ते धरण्यात सरखेलांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

पण गलबत निराळे आणि बाई निराळी.

कुलाब्याचा किल्ला मी एकदाच पाहिला आहे. आम्ही वैनगंगेकाठची माणसे, समुद्र म्हणजे आम्हांला नवलाईच. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीची वेळ साधून, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेले. तटाचे मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुन्याची दर्ज नाही. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तसेच परत जाते, म्हणून तट टिकला असे तिथले लोक सांगतात. आत गणपतीचे सुंदर देऊळ आहे, ते १७५९ साली रघूजी आंग्र्यांनी बांधले. कॅथरिनने ते पाहिलेले नाही. गोड्या पाण्याचे टाके मात्र तिनेही पाहिले असेल. भरतीच्या वेळी चारी बाजूंना पाणी, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यापर्यंत चालत जाण्यासारखी वाट, आणि दिवसातून दोनदा ती वाट उघडताना पाहायची. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, पोटात मूल वाढत असताना.

१७१३ च्या आरंभी कान्होजींना इंग्रजांशी तडजोड हवी होती. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या भांडणात कोणाच्या बाजूने राहायचे, हा पेच त्यांच्या गळ्याशी आला होता आणि पाठीमागे मुंबईचे भांडण नको होते. बोलणी झाली. फेब्रुवारीत लेफ्टनंट मॅकिंटॉश तीस हजार रुपये घेऊन कुलाब्याला आला आणि कॅथरिनला व इतर कैद्यांना घेऊन गेला. तिच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, त्या लेफ्टनंटला स्वतःचे कपडे तिच्याभोवती गुंडाळावे लागले, तिने सर्व अपमान मोठ्या धीराने सोसले, असे इंग्रज लिहितात.

हे वाक्य वाचल्यावर काय करायचे?

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण आईच्या मांडीवर ऐकली आहे. इतिहाससंशोधक तिच्याबद्दल काय म्हणतात ते बाजूला ठेवू. पण ती गोष्ट आपण इतक्या पिढ्या सांगत आलो, यावरून आपल्याला काय शोभते असे वाटते ते तर कळते. त्या गोष्टीच्या शेजारी कुलाब्याची ही हकीकत ठेवली की मन चरकते. एक सोपी वाट म्हणजे इंग्रजांचे सगळेच खोटे म्हणून पुस्तक मिटणे. दुसरी, त्यांनी लिहिले ते सगळेच खरे मानून सरखेलांना दोषी ठरवणे. मला दोन्ही वाटा पटत नाहीत. आंग्र्यांना राक्षस ठरवण्यात इंग्रज लेखणीचा स्वार्थ होता, हे उघड आहे. युद्धात पकडलेल्या धन्याच्या माणसांना पैसे घेऊन सोडणे ही त्या काळची सर्वांचीच रीत होती, हेही खरे. पण काही महिन्यांपूर्वी जिच्या मांडीवर नवरा मेला, अशा गरोदर पोरीची किंमत रुपयांत मोजली गेली, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य असलेले सत्य आहे. कान्होजींविषयी माझा आदर तसूभरही कमी न होता मी हे लिहिते. त्यांच्या चरित्रात ती एक ओळ आहे तिथे निदान तिचे नाव तरी घातले पाहिजे.

ही हकीकत मी घरी सांगत होते. सासूबाई साकोलीकडच्या, वय ऐंशीच्या पुढे. त्या वाती वळत ऐकत होत्या. पुढचे तिसरे लग्न आणि तिसरे वैधव्य ऐकून म्हणाल्या, “तीन नवरे खाल्ले वं त्या बाईनं!” मी गप्प बसले. या वयाच्या माणसांशी वाद घालून काय होणार? दोन-चार वाती वळून झाल्यावर त्यांनीच विचारले, “तं मंग बाळंतपन कोनं केलं तिचं?”

इतकी पाने वाचून मला हा प्रश्न सुचला नव्हता. कर्नलसाहेबांना तर सुचणे शक्यच नव्हते. मुंबईला पोचल्यावर थोड्याच दिवसांत ती प्रसूत झाली, मुलगा झाला, एवढे ते नोंदतात. तेव्हाची मुंबई म्हणजे किल्ल्याच्या आतले एक दमट गाव, दोन पावसाळे काढले तर नशीब अशी तिची ख्याती. कंपनीने १६७० च्या सुमारास तिथल्या शिपायांशी लग्ने लावण्यासाठी इंग्लंडहून जहाजातून बायका पाठवल्या होत्या. त्यांतल्या काहींचे वागणे पसंत पडले नाही तेव्हा त्यांना पाव आणि पाणी देऊन कोंडून ठेवण्याचे हुकूमही सुटले होते. अशा गावात दोन वेळा विधवा झालेली, आईपासून हजार मैलांवर असलेली ही मुलगी बाळंत झाली. तेल-पाणी कोणी केले असेल? आपल्याकडचीच एखादी सुईण असेल, असे सासूबाईंचे मत पडले, आणि मलाही तेच वाटते. डिंकाचा लाडू तिला कोणी दिला असेल की नाही, यावर आमच्या घरात बराच खल झाला.

त्याच वर्षी तिने विल्यम गिफर्ड या कंपनीच्या तरुण फॅक्टरशी लग्न केले. तीन नवरे ऐकून आपल्याकडे भुवया उंचावतात. पण किनाऱ्यावर गोऱ्या बायका मोजक्या, पुरुष बरेच आणि एकट्या विधवेला ना नोकरी ना माहेर. तिथे पुनर्विवाह म्हणजे निव्वळ छप्पर मिळवणे होते. आपल्या विधवांना कायद्याने पुनर्विवाहाची मोकळीक मिळायला १८५६ साल उजाडावे लागले आणि त्यानंतरही किती जणींना ती घेता आली, हे घरोघरच्या जुन्या बायकांना विचारावे. कॅथरिनला छप्पर तरी मिळत गेले. ते टिकले नाही, एवढेच.

गिफर्डला १७१५ मध्ये अंजेंगोच्या वखारीचा प्रमुख नेमले. हे ठिकाण आजच्या केरळात, तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला समुद्राकाठी. अट्टिंगलच्या राणीने १६८४ साली कंपनीला तिथे जागा दिली होती. कंपनीने पुढे किल्लाच बांधला. इथला माल मिरी. गिफर्डने मिरीच्या व्यापारात स्वतःचे खिसे भरायला सुरुवात केली. खोटी वजने, लोकांशी उद्दामपणा, शेजाऱ्यांच्या भांडणात हात. हे आरोप इंग्रजांचेच आहेत. सहा वर्षे बाई तिथे नांदली. तिच्या आयुष्यात एका जागी सलग राहिल्याची अशी वर्षे थोडी.

एप्रिल १७२१ मध्ये राणीला वर्षाचा नजराणा देण्याच्या निमित्ताने गिफर्ड वखारीतल्या जवळजवळ सगळ्या माणसांना घेऊन, वाजतगाजत अट्टिंगलला गेला. सुमारे १४० जण होते. लोकांचा साचलेला राग त्या दिवशी फुटला. कत्तल झाली. गिफर्डची जीभ कापली, त्याला ओंडक्यावर खिळून नदीत सोडून दिले, असे सांगतात. खोट्या तराजूचा हिशेब लोकांनी आपल्या पद्धतीने केला. कंपनीच्या कारभाराविरुद्ध झालेल्या अगदी पहिल्या उठावांत आज अट्टिंगलची गणना होते.

किल्ल्यात मागे राहिले कोण? आजारी, म्हातारे, बायका आणि मुले. गनर सॅम्युअल इन्स याने मूठभर माणसांनिशी तो किल्ला सहा महिने लढवला. ते थक्क करणारे आहे, पण ते प्रकरण निराळे. वेढा पडण्याच्या बेतात असताना कॅथरिन आणि आणखी दोन इंग्रज बायका मुलांना घेऊन एका लहानशा देशी नावेत बसल्या आणि मद्रासला गेल्या. एप्रिल-मे महिन्यांचे ऊन, उघडी नाव, कन्याकुमारीला वळसा. जाताना कॅथरिनने एक काम केले. वखारीच्या हिशेबवह्या आणि हाती लागले तेवढे पैसे तिने बरोबर घेतले.

यावरून पुढे तिच्यावर आग पाखडली गेली. कंपनीचे पैसे घेऊन पळाली! मला तर ती बाई तिथे प्रथमच शहाणी झालेली दिसते. पहिला नवरा मेला तेव्हा वह्या कंपनीच्या हाती होत्या, आणि आपलेच पैसे मागायला निघाली म्हणून ती कुलाब्याला पोचली. कंपनी ‘ॲन’वर तोफा डागायला आली नव्हती हे खरे, पण हार्वेचा हिशेब कंपनीने वेळेवर दिला असता तर गरोदर बाईला त्या समुद्रात पाऊल टाकायचे कारण नव्हते. हा धडा ती नऊ वर्षे विसरली नव्हती. या खेपेला वह्या तिने स्वतःपाशी ठेवल्या. त्यांत कंपनीचे किती आणि गिफर्डचे किती, ते दोघांपैकी एकालाच नीट माहीत होते आणि तो ओंडक्यावर वाहून गेला होता.

मद्रासहून ती कलकत्त्याला आईबापांकडे गेली. तेरा-चौदाव्या वर्षी कारवारच्या धक्क्यावर ज्यांनी निरोप घेतला, त्यांच्या दारात ती पंचविशीत, तीनदा विधवा होऊन उभी राहिली. त्या भेटीत कॅप्टन कुक काय म्हणाले असतील याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

आणि आता योगायोग पाहा. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. इंग्लंडच्या राजाचे आरमार घेऊन कॉमोडोर थॉमस मॅथ्यूज आला होता. माणूस मोठा तापट. तटापाशी घोड्यावरून मराठ्यांच्या अंगावर धावून गेला आणि मांडीत भाला खाऊन परत आला. बाजीराव आणि पिलाजी जाधव मदतीला धावले, पोर्तुगिजांनी स्वतंत्र तह केला आणि स्वारी फसली. त्या आरमारातल्या क्लेमंट डाउनिंग नावाच्या तरुणाने १७३७ साली या सगळ्यावर पुस्तक लिहिले, म्हणून हे तपशील राहिले. तोच मॅथ्यूज पुढे कलकत्त्याला गेला आणि तिथे त्याला ही बाई भेटली. कुलाब्याने दोघांनाही जखम केली होती. शिवाय मॅथ्यूजचे आणि कंपनीचे मुळीच पटत नव्हते. त्याने तिची बाजू घेतली, तिला आपल्या ‘लायन’ जहाजावर घेतले आणि ती राजाच्या संरक्षणाखाली आहे असे जाहीर केले. मुंबईच्या कौन्सिलने तिला अंजेंगोच्या हिशेबासाठी ताब्यात मागितले, तेव्हा त्याने साफ नकार दिला.

कौन्सिलच्या साहेबांनी मग काय केले? जे कुठल्याही गावातले लोक करतील तेच. कॉमोडोर आणि विधवा यांच्याबद्दल कुजबुज सुरू झाली. वखारीत खोटी वजने चालली तेव्हा नीतीची आठवण कोणाला झाली नव्हती. बाई हिशेब देईना म्हटल्यावर ती सर्वांना झाली. ती चर्चा खरी की खोटी, यात मला काडीचा रस नाही. तिला इंग्लंडला नेणाऱ्या जहाजावर चढायचे होते आणि त्या किनाऱ्यावर कंपनीच्या परवानगीवाचून माणूस नेऊ शकेल असा एकच जण होता.

१७२४ साली ‘लायन’ इंग्लंडला पोचले. मॅथ्यूजवर खाजगी व्यापार केल्याबद्दल आणि इतर तक्रारींवरून लष्करी चौकशी झाली, थोडा पगार कापला गेला आणि पुढे तो ॲडमिरलही झाला. कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांच्या हयातीत कुलाबा कोणाला घेता आला नाही. कॅथरिन १७०९ च्या मार्चमध्ये ज्या देशाचा किनारा सोडून निघाली होती, त्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांनी उतरली. कंपनीचे डायरेक्टर लंडनमध्ये वाट पाहत होते. अंजेंगोच्या वह्यांचा आणि पैशांचा दावा त्यांनी तिच्यावर लावला. तिनेही वकील दिला आणि आपल्या नवऱ्यांचे कंपनीकडे येणे किती, ते उलट मांडले.